हेदपाड्याचा वाघदेव

१

वाघदेव गेला होता, आणि नेणाऱ्यानं जाताना दाराला कुलूपही नीट लावलं होतं.

सकाळी गोरक्षनं नव्या दालनाचं दार उघडलं तर चौथरा रिकामा. दुसऱ्या दिवशी वसुबारस, आणि त्याच मुहूर्तावर दालनाचं उद्घाटन. दिंडोरीपासून नाशिकपर्यंत आमंत्रणं गेलेली, जेवणाची ऑर्डर दिलेली, आणि ज्या दगडापायी एवढा खटाटोप केला तोच गायब. गोरक्षनं पोलिसांना फोन लावला नाही. त्यानं नाशिकला मावशीला फोन लावला.

मावशी म्हणजे यशोदाबाई. पोलिस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर सोसायटीतल्या चपलांच्या आणि कुंड्यांच्या चोऱ्यांखेरीज त्यांच्या वाट्याला काही आलं नव्हतं, त्यामुळे फोन ठेवताना त्यांना जरा बरंच वाटलं. हे बरं वाटणं पुढे त्यांना फार बोचलं, पण ते पुढे.

बागेच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी चर खणलेला होता. कालपासून तो तसाच पडून होता, ठेकेदार उद्या सकाळी बुजवणार होता. मोटार जाण्याची सोय नव्हती. यशोदाबाई रिक्षा सोडून फळीवरून पलीकडे गेल्या आणि जवळच्या वाटेनं, द्राक्षाच्या जुन्या मांडवाखालून, ताठ मानेनं चालत निघाल्या. नुकतीच छाटणी झालेली. वर पानं नव्हती, तारांचं नुसतं छत आणि त्यावर निळसर औषध मारलेल्या काड्या.

दालन गोरक्षनं झोकात केलं होतं. द्राक्षबाग बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते होतं. आत एक जातं, नागलीची म्हणजे नाचणीची कणगी, लाकडी नांगर आणि भिंतीवर पाटी: ‘हेदपाडा. साथीच्या रोगाने ओस पडलेले आदिवासी शेतकऱ्यांचे गाव.’ मधल्या चौथऱ्यावर वाघदेव होता. कमरेएवढी शिळा, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, आणि शेंदराचे थरावर थर. डोंगरातल्या पाड्यांवर असा देव शिवेवर उभा करतात, म्हणजे वाघ गुराढोरांना हात लावत नाही.

चौथऱ्यापासून दारापर्यंत फरशीवर शेंदराचा रुंद पट्टा उमटला होता. यशोदाबाईंनी तो पाहिला.

“दगड ओढत नेलाय,” त्या म्हणाल्या.

“चोर मला माहीत हाय, मावशी,” गोरक्ष म्हणाला. “काळू. छाटणीच्या टोळीतला. देव त्यांचा. काल दिंडोरीचा बाजार, सगळी टोळी दिवाळीचं आणायला गेलेली. हा एकटा मागं राहिला, ताप आला म्हणून. चावी पॅकहाउसात खिळ्याला असते, कुणीपण काढावी. संध्याकाळपर्यंत दगड आला नाय, तर पोलिसाची गाडी बोलावतो आणि त्याला आत टाकतो.”

यशोदाबाईंनी पदर खोचला. “आधी त्याचं गाठोडं बघू,” त्या म्हणाल्या.

२

गाठोडं अंगणात सोडलं, सगळ्यांच्या देखत. टोळीतली माणसं पॅकहाउसच्या भिंतीला टेकून उभी. काळू तिशीतला, सुरगाण्याकडचा; तापानं ओठ सुकलेले. त्याची बायको सविता शेजारी उभी होती. यशोदाबाईंनी नोकरीत अशी शेकडो गाठोडी सोडली होती. हात आपोआप चालत होता. नागलीचं पीठ, दोन लुगडी, लेकरासाठी घेतलेलं नवं झबलं-टोपडं, नारळ. आणि तळाशी कागदाच्या पुडीत ताजा शेंदूर.

अंगणात कुजबुज झाली.

“हे काय?” यशोदाबाईंनी विचारलं.

“उद्या तुमची वसुबारस, तीच आमची वाघबारस,” काळू म्हणाला. “दरसाल घरी ऱ्हातो. औंदा काम उरलं म्हणून हितंच. पूजा तर करायची ना, बाई. देव हितं हाय म्हणून सवितानं कालच्या बाजारातून शेंदूर आणला.”

“देव हितं हाय म्हणून,” गोरक्ष म्हणाला. “ऐकलंस ना, मावशी?”

“मी नाय नेला. मी पडून होतो. ट्रॅक्टर वाजला दोनदा, येवढंच ऐकलं.”

“द्राक्षाच्या बागेत ट्रॅक्टर नाही वाजणार, तर काय विमान वाजणार?” यशोदाबाई म्हणाल्या.

लोक हसले. टोळीतलेही दोघे-तिघे हसले, मालकापुढे हसावं लागतं म्हणून. काळू हसला नाही. सविता खाली बसली आणि एकेक वस्तू उचलून, पुसून, पुन्हा फडक्यात ठेवू लागली. झबल्याला माती लागली होती, ती तिनं पदरानं झटकली. यशोदाबाईंना वाटलं की वाकून मदत करावी. पण तपास करणारा माणूस वाकत नाही, ही जुनी सवय.

गोरक्षनं काळूला पॅकहाउसच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली, आणि यशोदाबाईंनी ती घालू दिली.

३

दुपारी अंजलीचा फोन आला. ही नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवणारी मुलगी. डोंगराकडच्या उठून गेलेल्या पाड्यांची माहिती गोळा करत होती. दालनाची पाटी लिहायला तिनंच गोरक्षला मदत केली होती, गोरक्षनं सांगितलं ते खरं मानून. देव गेल्याचं ऐकून ती मोटारसायकलवर येऊन पोहोचली आणि मोबाइलमधले फोटो यशोदाबाईंपुढे धरून बसली.

“हे बघा. शिळेच्या मानेला ही खाच. सगळीकडून फिरलेली, आत गंज. आणि इथे वर हे निळं. गोरक्षभाऊ म्हणतात, देव डोंगरात सापडला. डोंगरात याच्या गळ्याला गंज कसा लागेल?”

यशोदाबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. निळं काय ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो. द्राक्षावर मारतात, आणि पुढे हात, कपडे, बैल सगळं निळं होतं. डोंगरात बोर्डो कोण मारणार? हा दगड वर्षानुवर्षं बागेतच होता.

“अंजली, एक सांग. या लोकांना देव हलवायचा झाला तर कसा नेतात?”

“खांद्यावरून. वाटेत जमिनीला टेकूसुद्धा देत नाहीत.”

“पालथा घालून फरफटत?”

“शक्यच नाही हो!”

फरशीवरचा पट्टा शेंदराचा होता. शेंदूर शिळेच्या तोंडाला. म्हणजे नेणाऱ्यानं वाघाला तोंडावर पाडून ओढलं होतं. ज्याचा तो देव, त्याच्या हातून जीव गेला तरी असं झालं नसतं. शिवाय तापानं फणफणलेला एकटा माणूस एवढी शिळा हलवणार कशी? त्याला ट्रॅक्टर लागतो. आणि ट्रॅक्टर दोनदा वाजला होता; रस्त्यावर कालपासून चर, म्हणजे तो घरचाच. तो माणूस सकाळीच सांगत होता, आणि आपण विमानाचा विनोद केला.



“आज संध्याकाळी मी एका म्हातारीला आणतेय,” अंजली म्हणाली. “हेदपाड्यात जन्मलेली. पेठच्या पलीकडे असते. वर्षभर विनवलं तेव्हा कुठे तयार झाली. हेदपाड्याचं कुणी बोलतच नाही, यशोदाताई. विचारलं की मान खाली घालतात. साथीनं माणसं मेली तर त्यात लाज कसली?”

“म्हातारी येणार हे कुणाला सांगितलंस?”

“गोरक्षभाऊंना. पाड्यातली एक म्हातारी येणार, एवढंच. नाव नाही सांगितलं. तिनंच बजावलं होतं.”

“मला सांग.”

“आक्काबाई.”

यशोदाबाईंनी जाऊन पॅकहाउसची कडी काढली. “काळू, जा तू. तू चोर नाहीस.”

काळू जागेवरून उठला नाही. “सगळ्यांच्या देखत आत घातलं, बाई. मुकाट्यानं बाहेर काढू नका. उद्या गावी गेलो तर लोकं म्हणतील, चोर होता, सुटला. पुढं आमच्या पाड्यावरच्या मानसाला कोन कामाला घेईल? खरं सांगायचं तर सगळ्यांच्या देखत सांगा.”

ते रास्तच होतं. पण सगळ्यांच्या देखत सांगायचं तर खरा चोर कोण, तेही सांगावं लागणार होतं.

४

सिंधुबाई स्वयंपाकघरात चकल्या पाडत होत्या. यशोदाबाईंची थोरली बहीण. मोतीबिंदूच्या ऑपरेशनासाठी महिनाभर नाशिकला राहून परवाच घरी आलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. भाऊजी गेल्यापासून घर आणि बाग हिच्याच शब्दावर चालायची.

“ताई, दगडाचं काय झालं असेल गं?”

“मला काय ठाऊक? दालन उभं राहिलं तेव्हा मी इथं होते का? परवा येऊन बघते, तर दगडाला दिवे लावलेत. गेला तर गेला. गोरखला नाही ते सुचतं.”

“त्या अंजलीचा मात्र हिरमोड होईल. म्हातारीला घेऊन येतेय.”

“येऊ दे. ती आक्काबाई आली काय, न आली काय, दगडच नाही तर बघणार काय?”

सोऱ्यातून चकली पडत राहिली.  आक्काबाई हे नाव अंजलीनं फक्त यशोदाबाईंना सांगितलं होतं; ताईला ते ठाऊक, म्हणजे हेदपाड्याची माणसं तिच्या ओळखीची होती.

त्या उठल्या आणि मागच्या दारानं बागेत आल्या. डोकं थाऱ्यावर आणायला चालत सुटल्या, तर जुन्या मांडवाच्या कोपऱ्यात पाय आपसूक थबकले. गणपतीत त्या इथं आल्या होत्या तेव्हा या कोपऱ्यात चांगलं वाकून जावं लागलं होतं. शेततळ्याच्या कामात जेसीबीनं कोपऱ्याचा खड्डा उकरला होता, तार लोंबत होती, वेलींना बांबूचा टेकू दिला होता. मांडवाच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला जमिनीत एक मोठा दगड पुरतात, त्याच्या गळ्याला तार गुंडाळतात, आणि त्या ओढीवर सगळा मांडव ताठ उभा राहतो. कोपऱ्याचा दगड निघाला होता, म्हणून मांडव बसला होता.

आज सकाळी त्या इथूनच ताठ मानेनं गेल्या होत्या.

टेकूचा बांबू बाजूला पडला होता. माती ओली, नुकतीच चोपलेली. यशोदाबाईंनी तारेवर हात ठेवला. तार गच्च ताणलेली होती.

५

“खोद,” त्या गोरक्षला म्हणाल्या.

त्यानं नाही म्हटलं नाही. टोळी त्या वेळी पलीकडच्या तुकड्यात होती. थोडी माती काढली तशी शेंदराची कड दिसली, आणि मानेच्या खाचेत बसलेली नवी कोरी तार.

“लपवायचा होता तर नुसता पुरायचास,” यशोदाबाई म्हणाल्या. “तार कशाला बांधलीस?”

गोरक्ष खड्ड्याकडे बघत राहिला. “ध्यानातच नाय आलं. खड्ड्यात दगड सोडला की हात तारेकडं जातोच.”

लपवणारा बागायतदार होता, तिथेच तो फसला. दुसऱ्या कुणी नुसती माती लोटली असती आणि मांडव लोंबता राहिला असता.

मग त्यानं भडाभडा सांगितलं. उन्हाळ्यात जेसीबीला शिळा लागली, तेव्हा त्यावर वाघ आहे हे त्याला पहिल्यांदा दिसलं; आईला न सांगता त्यानं ती झाकून ठेवली. मांडवाखाली सापडला म्हणायचं तर कसंतरी वाटलं, म्हणून डोंगरात सापडला अशी थाप मारली. परवा आई आली, दगड पाहिला, म्हातारी येणार हे ऐकलं, आणि घाबरली. लगेच जिथून काढला तिथं घाल, म्हणाली. बाजाराच्या दिवशी टोळी गेल्यावर त्यानं चेनपुली लावून दगड ट्रॉलीत चढवला. पाहुण्यांना चोरी खरी वाटावी, पण पोलिस नकोत, म्हणून मावशीला बोलावलं.

“आणि नाव काळूचं घेतलंस.”

“कुणाचं तरी घ्यायला लागणारच होतं ना, मावशी.”

हे तो इतक्या सहज बोलला की यशोदाबाईंना त्याच्याकडे बघवेना. आणि लगेच आठवलं, सकाळी ‘गाठोडं बघू’ हे आपणही तितक्याच सहज म्हटलं होतं.

सिंधुबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काळा चष्मा काढला.

“साथ-बिथ काही आली नव्हती, यशे,” त्या म्हणाल्या. “ही सगळी जमीन हेदपाड्याची. उतारावर भात, वर नागली. दरसाल भात झोडून झालं की ते लोक निफाड-पिंपळगावकडं कामाला जायचे आणि उन्हाळ्यात राब भाजायला परत यायचे. राखेवर भाताचं रोप चांगलं येतं म्हणून पालापाचोळा जाळतात ना, तो राब. एका वर्षी ते गेले, आणि ह्यांनी झोपड्या मोडून सगळं नांगरून काढलं. सात-बारावर नाव ह्यांचंच होतं, कसं लागलं ते मी कधी विचारलं नाही. ते लोक परत आले, बांधावर उभे राहिले. कुणी शिवी दिली नाही का दगड मारला नाही. नुसता देव मागितला. हे म्हणाले, कुठला देव?”

“आणि देव?”

“तोवर मांडव उभा राहिला होता.”

 या बागेच्या द्राक्षांच्या पेट्या दरवर्षी नाशिकला घरी यायच्या. यशोदाबाई त्या मोठ्या तोऱ्यात शेजारीपाजारी वाटायच्या, माझ्या बहिणीच्या बागेतली म्हणून.

“मावशी,” गोरक्ष खाली मान घालून म्हणाला, “दगड वर काढू, धुऊन अंगणात ठेवू. काळूला पस्तावा झाला, त्यानं आणून दिला असं सांगू. पोलीस नाय, केस नाय. त्याचं काय बिघडणार हाय? उद्या विसरतील लोक. आईचं काय वय हाय का आता बोलणी खायचं?”

आता खरं म्हणजे यशोदाबाईंनी त्याला तिथंच झाडायला हवं होतं. छत्तीस जणांना कोर्टात उभं केलेली बाई. पण बहिणीचा चेहरा समोर होता, चष्म्याविना उघडा पडलेला, आणि यशोदाबाईंच्या तोंडून शब्द निघाला तो एवढाच:

“आधी वर तर काढ.”

६

आक्काबाई फळीवरून चर ओलांडून आली तेव्हा ऊन कललं होतं. हाडाची काडी, काष्ट्याचं लुगडं, हाताला अंजलीनं धरलेलं. शिळा अंगणात गोणपाटावर उभी होती. टोळी काम सोडून गोळा झाली होती. काळूही आला होता, सवितानं हाताला धरून आणला होता. तो यशोदाबाईंकडे बघत होता. आता त्या बोलतील, असं त्याला वाटत असणार.

यशोदाबाई बोलल्या नाहीत. 

आक्काबाईनं शिळेला डोकं टेकलं आणि तशीच राहिली. मग कुणीतरी तिला हलक्या आवाजात सांगितलं, देव चोरीला गेला होता, आपल्याच माणसानं नेला होता म्हणतात. म्हातारी सावकाश वळली.

“कोन?”

माना काळूकडे वळल्या. आक्काबाई त्याच्यापाशी गेली. त्याच्या छातीएवढीही नव्हती ती. तिनं हात उचलला, आणि काळूनं तोंड वाचवलं नाही. पण हात मधेच खाली आला. मारण्याची ताकद नव्हती की मन नव्हतं, कोण जाणे. ती तशीच पुढे गेली, ओटीवर उभ्या असलेल्या सिंधुबाईंपुढे, आणि हात जोडले.

“माये, आमच्या पोरानं तुझ्या घरात हात मारला. पदरात घे. आमी देवाला टाकून गेलो, म्हनून आमचा पाडा ऱ्हायला नाय. लाजंनं कुनाला सांगितलं बी नाय कधी. पोरांनाबी नाय. तू त्याला सांभाळलंस, छप्पर दिलंस, आनि आमच्याच मानसानं…”  ती पाया पडायला वाकली.

सिंधुबाई पाय मागे घेत भिंतीपर्यंत सरकल्या. “नको! आक्का, पाया पडू नको माझ्या.”

म्हातारीनं वर पाहिलं.

“त्या पोरानं काही केलं नाही. मी पुरायला लावला त्याला. माझ्या लेकानं पुरला.” सिंधुबाई म्हणाल्या. “आणि पहिल्यांदा तुमचा देव मांडवाखाली गाडला, तेव्हा हे खड्ड्यात उतरले होते. त्याच्या गळ्याभोवती तार गुंडाळली. दुसरं टोक ओढून मी धरलं होतं.”

 गोरक्ष आत निघून गेला. यशोदाबाईंना तेव्हा कुठे पाय फुटले. त्या टोळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“सगळ्यांनी ऐका,” त्या म्हणाल्या. “काळूनं चोरी केलेली नाही. चोरी आमच्या घरानं केली, आणि आजची नाही, जुनी. त्याचं गाठोडं मी सोडलं. तो खरं सांगत होता आणि मी त्याच्यावर हसले, तुम्हालाही हसवलं. खरं काय ते मला दुपारीच कळलं होतं, तरी आत्तापर्यंत मी गप्प राहिले. तुमच्या गावी कुणी विचारलं तर हे सगळं सांगा, माझं नाव घेऊन सांगा.”

काळूनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि यशोदाबाईंना विचारण्याचा धीर झाला नाही. सविता एवढंच म्हणाली, “बरं झालं बोललात, बाई.” त्यात आभार नव्हते.

आक्काबाई अजून ओटीपाशीच उभी होती. ती सिंधुबाईंकडे निरखून बघत होती, जुनी ओळख पटवावी तशी.

“आमी देव मागाया आलो तवा तू हितंच दारात हुतीस,” ती म्हणाली. “लहान लेकरू हुतं तुझ्या कडेवर. मला वाटलं, नवी पोर हाय, हिला बिचारीला ठाऊक नसंल.”

सिंधुबाईंनी तोंडावर पदर घेतला.

“ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.